वाचकांचे प्रश्न : संगीत ऐकण्याच्या खोलीतील दिवे

घरातील एखादी खोली केवळ संगीत ऐकण्यासाठी राखून ठेवणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आली. स्पीकर कोठे ठेवावेत, भिंतींना काय लावावे हे बहुतेकांनी ठरवलेले असते. दिव्यांचा विचार मात्र रंगकाम झाल्यावर, वायरमन दारात उभा असताना सुरू होतो. म्हणून या विषयावरील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पुण्यात कोथरूडला घेतलेल्या नव्या सदनिकेतील चौदा बाय अकरा फुटांची एक खोली संगीतासाठी ठेवायची आहे. टर्नटेबल, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर आहेत. इंटिरियर डिझायनरने पूर्ण फॉल्स सीलिंग, त्यात बारा डाउनलाइट, कडेने रंग बदलणारी एलईडी पट्टी आणि या सगळ्यांवर डिमर असा आराखडा दिला आहे. सध्याच्या भाड्याच्या घरात पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की स्पीकरमधून घरघर येते, त्यामुळे डिमरची धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे. सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि भिंतीत बसवायचा नेहमीचा डिमर हे दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात : ट्रायॅक नावाचा घटक विजेच्या प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापून टाकतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे हा काप सेकंदाला १०० वेळा पडतो, आणि तो एकदम पडत असल्यामुळे ५० च्या चढत्या पटींच्या लहरी घरभर वायरिंगमध्ये पसरतात. आपण ऐकता ती खरखरीत घरघर याच लहरींची. टप्प्याटप्प्याने फिरणारा आणि आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर लहर कापत नाही, त्यामुळे पंख्यापुरता प्रश्न तो रेग्युलेटर बसवून सुटतो.

टर्नटेबल असलेल्या खोलीत ही गोष्ट अधिक गंभीरपणे घ्यावी लागते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या, तिच्या कंपनांचा वीजसंदेश करणाऱ्या भागातून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा संदेश निघतो, आणि ॲम्प्लिफायरचा टर्नटेबलसाठी असलेला फोनो विभाग तो सुमारे शंभर पटींनी वाढवतो. शिवाय तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात; ते वाजवताना पुन्हा उचलण्यासाठी १९५० च्या दशकात रूढ झालेला आरआयएए वक्र, म्हणजे स्वर उचलण्याचे ठरलेले प्रमाण, ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) आसपासचा आवाज मधल्या स्वरांच्या तुलनेत आणखी सात पटींनी वाढवतो. म्हणजे जवळच्या वायरीतून किंवा ॲडॉप्टरमधून कार्ट्रिजच्या केसासारख्या तारांत शिरलेली गुणगुण उरलेल्या संगीतापेक्षा अधिक जोमाने वर येते. सीडी किंवा मोबाइलवरून ऐकणाऱ्याला जो दिवा निरुपद्रवी वाटतो, तो टर्नटेबलजवळ उपद्रवी ठरू शकतो.

एलईडीसाठी मिळणारे आधुनिक डिमर लहर कापत नाहीत, असे आपल्याला दुकानात सांगितले जाईल, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. चोवीस व्होल्टच्या पट्ट्यांचे डिमर दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करून त्याचा सरासरी उजेड कमी करतात. डोळ्यांना ही उघडझाप जाणवू नये म्हणून तिचा वेग सेकंदाला ३००० च्या वर असावा, असे आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ च्या १७८९ क्रमांकाच्या शिफारसपत्रावरून मानले जाते. आता गंमत पाहा. मनुष्याचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात. डोळ्यांच्या सोयीसाठी निवडलेला वेग नेमका कानाच्या तीक्ष्ण टापूत येऊन बसतो, आणि स्वस्त ड्रायव्हरमधील (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीतील) कॉइल व कपॅसिटर त्याच स्वरात बारीक शीळ घालू लागतात. दिवाणखान्यात ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. विलंबित ख्यालाच्या दोन स्वरांमधील शांततेत ती टोचते. कानाच्या टप्प्याबाहेर, सेकंदाला वीस हजारांच्या वर उघडझाप करणारे डिमर मिळतात, पण ते शोधावे लागतात आणि बॉक्सवर हा आकडा क्वचितच छापलेला असतो.

यासाठी माझा सल्ला असा की, डिमरच घेऊ नये. उजेड कमी-जास्त करण्याची गरज खरी आहे. पण एक मोठा दिवा मंद करण्याऐवजी लहान-मोठे तीन दिवे स्वतंत्र बटणांवर घेतले, तर तीच गरज कोणत्याही कापाकापीशिवाय भागते. पहिला दिवा ऐकतानाचा. स्पीकरमागील भिंतीच्या वरच्या कडेला, खोबणीत लपवलेली सुमारे अडीच मीटर लांबीची, मीटरला ५ वॅटची चोवीस व्होल्टची पट्टी घ्यावी आणि तिचा उजेड छताकडे किंवा भिंतीवर सोडावा. अशा पट्टीतून हजार-अकराशे ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) निघतात, त्यातील मोठा भाग खोबणी व भिंत गिळते आणि आपल्या खोलीत सरासरी पंचवीस-तीस लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उरतो. एवढ्यात समोरचा माणूस व्यवस्थित दिसतो, चहाचा कप सांडत नाही आणि व्हॉल्व्हचा तांबूस प्रकाशही मरत नाही. दुसरा दिवा टर्नटेबलचा, त्याविषयी पुढे लिहितो. तिसरा कामाचा : झाडलोट, वायरी जोडणे, हरवलेला स्क्रू शोधणे. त्यासाठी छताला बाहेरून बसणारे अठरा-वीस वॅटचे दोन साधे पॅनेल पुरतात. संगीत चालू असताना ते बंदच राहणार असल्यामुळे त्यांच्या ड्रायव्हरची चिंता नको.

बारा डाउनलाइटना स्पष्ट नकार द्यावा. प्रत्येक डाउनलाइट म्हणजे फॉल्स सीलिंगला पाडलेले एक भोक आणि स्प्रिंगच्या दोन पत्र्यांवर तोललेली एक सैल वस्तू. खर्जाच्या ठराविक स्वराला ती थरथरते आणि तो आवाज नेमका कोठून येतो हे शोधण्यात एक रविवार जातो. शिवाय ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून थेट खाली पडणारा उजेड हा रुग्णालयाच्या तपासणी खोलीत शोभतो. दिवे बसवून झाल्यावर, ते कोणतेही असोत, २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा चाचणी-स्वर नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात वाजवावा आणि जेथे खडखड होईल तेथे फेल्ट किंवा रबराची चकती घालावी. ही चाचणी वायरमनचे शेवटचे पैसे देण्यापूर्वी करावी, हे वेगळे सांगायला नको.

बाजूच्या भिंतींवर दिवे लावण्याचा मोह झाला, तर आधी आरसा फिरवून पाहावा. आपण ऐकण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्या कोणी भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तेथून ध्वनीचे पहिले परावर्तन येते. ती जागा ध्वनिशोषक पॅनेलची आहे, दिव्याची नव्हे. पॅनेलचे कापड गडद असेल तर ते उजेडही शोषून घेते. पांढऱ्या भिंतीवरून सुमारे चार-पंचमांश प्रकाश परततो, गडद करड्या कापडावरून एक-पंचमांशही नाही. म्हणून वॅटचा हिशेब कापडाचा रंग ठरल्यावर करावा. फोमच्या पॅनेलमध्ये दिवा खुपसून बसवण्याची फॅशन मात्र कटाक्षाने टाळावी, कारण साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पटकन पेट घेतो.

वायरिंगबाबत भिंती फोडलेल्या आहेत तोवरच वायरमनला काही गोष्टी लिहून द्याव्यात. दिव्यांचे सर्किट आणि संगीतसामग्रीचे सर्किट वेगवेगळ्या एमसीबीवर (भार वाढल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर) घ्यावे. दिव्यांच्या वायरी आणि स्पीकर किंवा टर्नटेबलच्या वायरी यांत किमान एक फूट अंतर असावे आणि जेथे त्या ओलांडाव्याच लागतील, तेथे काटकोनात ओलांडाव्यात. पट्टीचा ड्रायव्हर खोलीबाहेर, पॅसेजच्या माळ्यावर ठेवता आला तर उत्तमच : दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने पाच मीटर अंतरावरून ४० वॅट नेले तरी चोवीस व्होल्टमध्ये जेमतेम ०.२ व्होल्टची घट होते. बारा व्होल्टची पट्टी घेतली तर घट दुप्पट आणि तिचे प्रमाण चौपट होते, म्हणून चोवीसच घ्यावी. आणि गुणगुण घालवण्यासाठी कोणी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगितले, तर त्याचे ऐकू नये. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये काहीशे व्होल्टचा दाब असतो. तेथे अर्थिंग हा जिवाचा प्रश्न आहे.

रंगाविषयी थोडक्यात. आपल्या बाजारात सरसकट मिळणारा ६५०० केल्व्हिनचा (प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर) निळसर पांढरा दिवा या खोलीत नको. ऐकण्यासाठी २७०० आणि कामासाठी ३००० ते ४००० घ्यावा. रंग बदलणारी पट्टी सहसा उघडझाप करूनच रंग मिसळते, त्यामुळे तिला वर सांगितलेले सगळे आक्षेप लागू होतात.

टर्नटेबलच्या दिव्यासाठी ३ वॅटचा, मान वळवता येणारा छोटा लॅम्प पुरेसा आहे. साठ सेंटिमीटरवरून तो तबकडीवर तीनशे लक्सहून अधिक उजेड देतो. तो डोक्यावर न लावता बाजूने, तिरपा लावावा. तिरप्या उजेडात दोन गाण्यांमधील गुळगुळीत पट्टा चमकतो आणि सुई नेमकी तेथे टेकवता येते, शिवाय आपल्या हाताची सावली आड येत नाही. त्याचा ॲडॉप्टर टर्नटेबलच्या रॅकवर ठेवू नये, आणि चुंबकाने चिकटणाऱ्या बुडाचा लॅम्प तर कार्ट्रिजच्या आसपासही आणू नये.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घरात आजोबांनी जमवलेल्या ७८ गतीच्या तबकड्या आहेत, त्यांत बालगंधर्वांच्या पदांच्या बऱ्याच आहेत. शिवाय वडिलांच्या एलपी आहेत. सगळ्या काचेच्या कपाटात ठेवून आत हॅलोजन दिवे लावण्याचा विचार आहे. खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. वीज वारंवार जाते, म्हणून इन्व्हर्टरही आहे. दिव्यांमुळे तबकड्यांना धोका आहे का?

उत्तर : हॅलोजनचा विचार सोडून द्यावा. हॅलोजन आपल्याला मिळालेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो आणि बंद काचेच्या कपाटात ती उष्णता कोंडते. ७८ च्या तबकड्यांत लाख असते, ती उष्णतेने मऊ पडते. एलपीचे व्हिनाइल साठ अंश सेल्सिअसच्या आसपास आकार सोडू लागते. एलईडी पट्टीही पूर्णपणे थंड नसते, म्हणून ती ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवावी, ड्रायव्हर कपाटाबाहेर ठेवावा आणि दार उघडले की दिवा लागेल, बंद केले की विझेल असा स्विच घ्यावा. पट्टी कपाटाच्या वरच्या फळीला न लावता दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूने उभी लावावी. वरून येणाऱ्या उजेडात पहिला खण झगमगतो आणि खालच्या खणांतील पाठींवरची नावे वाचता येत नाहीत.

खरा धोका मात्र आपल्या खिडकीचा आहे. उतरत्या उन्हाची तिरीप काचेतून थेट कपाटावर पडत असेल, तर कोणताही घरगुती दिवा वर्षभरात करणार नाही एवढे नुकसान एक उन्हाळा करतो. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा फक्त आखूड लहरींचा भाग अडवते, उरलेला आत येतो. आणि अतिनील पूर्ण गाळले तरी दृश्य प्रकाशानेही छापील रंग फिके पडतातच. वस्तुसंग्रहालयांत कागद, जलरंग यांसारख्या नाजूक वस्तूंवर ५० लक्सची मर्यादा पाळतात ती याच कारणाने. तेव्हा कपाट समोरच्या भिंतीवरून हलवून खिडकीच्याच भिंतीला लावावे, म्हणजे ऊन त्याच्या पाठीमागे राहील, आणि खिडकीला जाड अस्तराचा पडदा लावावा. तो पडदा ध्वनीच्या दृष्टीनेही उपयोगाचा आहे, त्यामुळे खर्च वाया जात नाही. मात्र ती भिंत बाहेरची, म्हणून कपाट तिला अगदी टेकवू नये. कोकणातील पावसाळ्यात त्या भिंतीची ओल कव्हरांत उतरते आणि बुरशी धरते. चार बोटे जागा सोडावी.

पावसाळ्याचाच दुसरा उपद्रव पाखरांचा. ती निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक झेपावतात, म्हणून २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा या खोलीत दोन्ही अर्थांनी बरा. तरीही खिडकीला जाळी हवीच.

इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा असेल, तर वीज गेल्यावर त्यावर ॲम्प्लिफायर चालवू नये. त्या लहरीने ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर असेल तर अडचण नाही. चावीच्या ग्रामोफोनवर तबकड्या वाजवत असाल तर प्रश्नच मिटला, कारण त्याला वीजच लागत नाही. तेव्हा बॅटरीवरचा एखादा दिवा शेजारी ठेवावा आणि खुशाल ऐकावे.

प्रश्न : काळोखात संगीत अधिक चांगले ऐकू येते, असे मुलाचे म्हणणे आहे. माझे वय बहात्तर आहे आणि त्याने केलेल्या अंधाऱ्या खोलीत मला कव्हरवरची नावे दिसत नाहीत, उठताना धडपडायला होते. त्याचे म्हणणे कितपत बरोबर?

उत्तर : काळोखाने कान तीक्ष्ण होत नाहीत, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी दिसेनाशा होतात, एवढेच. जर्मन संगीतकार वाग्नर यांनी १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथील आपल्या नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारे ठेवले, त्याचा हेतू लक्ष रंगमंचावर खिळावे हा होता. आपल्याकडील बैठकीची रीत याच्या अगदी उलट आहे. तेथे गाणाऱ्याला श्रोत्याचा चेहरा दिसावा लागतो, दाद डोळ्यांतूनही जाते, म्हणून बैठक उजेडातच रंगते. ध्वनिमुद्रण ऐकताना समोर कोणी नसते, तेव्हा आपल्या मुलाची आवड चुकीची म्हणता येणार नाही. पण ती आवड आहे, नियम नव्हे.

वयाचा मुद्दा मात्र आवडीनिवडीचा नाही. वयानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर पडते, त्यामुळे साठीनंतर तेच अक्षर वाचायला विशीतल्या माणसापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. आपल्या खुर्चीच्या मागे, खांद्याच्या किंचित वर, स्वतःचे बटण असलेला एक वाचनाचा दिवा ठेवून घ्यावा. त्याचा झोत मांडीवरच्या कव्हरवर पडेल आणि मुलाचा काळोख बव्हंशी शाबूत राहील. दारापर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक वॅटचा दिवा कायम चालू असावा. वाटेत आडव्या गेलेल्या स्पीकरच्या वायरी भिंतीकडेने फिरवून घेण्याचे कामही मुलालाच सांगावे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. पुण्याहून वडिलांचे जुने टर्नटेबल आणि वेग तपासण्याची पट्ट्यांची चकती आणली. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लावला आहे. खोलीतील एलईडी दिव्यात चकतीवरचे पट्टे नुसतेच पुसट दिसत होते, म्हणून निऑनचा एक छोटा रात्रदिवा टर्नटेबलजवळ लावला. आता पट्टे अगदी स्थिर दिसतात, म्हणजे वेग अचूक आहे. तरीही सगळे गायक चढ्या पट्टीत गातात असे वाटते. दोष कार्ट्रिजमध्ये असेल का?

उत्तर : कार्ट्रिज निर्दोष आहे. आपल्याला निऑनचा दिवा फसवतो आहे, तोही अगदी प्रामाणिकपणे. भारतातील विजेवर निऑन सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या चकतीवरचे पट्टे त्या उजेडात स्थिर दिसण्यासाठी १०० गुणिले ६० भागिले ३३⅓, म्हणजे १८० पट्टे लागतात, आणि वडिलांची चकती तशीच असणार. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची आहे, तेथे दिवा १२० वेळा लुकलुकतो. त्याच १८० पट्ट्यांची चकती आता स्थिर दिसते ती मिनिटाला ४० फेऱ्यांवर.

आणि आपले टर्नटेबल खरोखरच ४० फेऱ्यांनी फिरते आहे. जुन्या टर्नटेबलांतील सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनांबरोबर फिरते, व्होल्टेजबरोबर नव्हे. ट्रान्सफॉर्मरने १२० चे २३० व्होल्ट केले, पण ६० आवर्तनांची ५० केली नाहीत. दिवा आणि मोटर दोघेही सारख्याच प्रमाणात पुढे गेल्यामुळे चकतीला काहीच वावगे दिसत नाही. वाढ आहे सहास पाच या प्रमाणात, म्हणजे बरोबर षड्जापासून कोमल गंधारापर्यंत : पांढरी एकमध्ये गाणारा गायक आपल्याला काळी दोनच्या आसपास ऐकू येत असणार.

रबरी पट्ट्याने (बेल्टने) फिरणारे टर्नटेबल असेल तर मोटरच्या दांड्यावरची पुली ६० आवर्तनांसाठीची, म्हणजे पाच-षष्ठांश व्यासाची बसवून घ्यावी. काही कंपन्या दोन्ही पुली देत असत, तेव्हा खोक्यात आधी शोधावे. ती नसेल तर मोटरला ५० आवर्तने पुरवणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर घ्यावा लागेल. दोन्हींपैकी काहीही केल्यावर तपासणीसाठी २१६ पट्ट्यांची चकती वापरावी, आणि निऑनचा दिवा तोच ठेवावा. एलईडीत पट्टे पुसट दिसणे हे त्या दिव्याचा ड्रायव्हर चांगला असल्याचे, उजेड लुकलुकत नसल्याचे लक्षण आहे. तो दिवा बदलू नये.